इंझोरीची मान आणि जपानी कॉलर

कारंज्याच्या ठेसनावर बुटकी गाडी उभी होती. ती मूर्तिजापुरापर्यंत नेणार, तिथून मोठी गाडी, मग मुंबई, मग आगबोट. मला सोडायला बा इंझोरीहून छकडा घेऊन आला होता आणि छकड्यात गुंफीची माय पदर ओढून बसली होती. गुंफी तिच्या मांडीवर झोपलेली. माझ्या पोरीला अजून दातसुद्धा आले नव्हते. अक्का, तू तेव्हा किन्हीराजाला सासरी होतीस आणि सुगीच्या घाईत तुला कोणी येऊ दिलं नाही. त्यामुळं त्या दिवसाची हकिगत तू दुसऱ्यांच्या तोंडून ऐकली असशील आणि दुसऱ्यांनी तिला चांगला मीठमसाला लावला असेल. खरं सांगू का, काहीच झालं नाही. कोणी रडलं नाही, कोणी गळ्यात पडलं नाही. बा बैलांपुढं कडबा टाकत होता आणि मी उगाच वळकटीची दोरी सोडून पुन्हा बांधत होतो.

"त्या मुलखातले इंग्रज मेले का सारे," बा एकदाचा बोलला, "म्हनून तुले इंग्रजी शिकवायले बोलावून राह्यले?"

मी म्हटलं, इंग्रज महाग पडतो त्यांना. बाला ते पटलं. महागाईचं कारण त्याला नेहमी पटायचं. गाडीनं शिट्टी दिली तसा तो जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "तीन सालं म्हनतं तू. जाय. पन तीन सालात पोट्टं मानसं वळखायले शिकते, नारायना. मंग तिनं तुले वळखलं नाई, तं आमच्यावर चिडू नोको."

बाचं ते बोलणं पुढं तीन वर्षं माझ्या मानगुटीवर बसून होतं. मी तेव्हा फक्त "येतो" म्हटलं आणि डब्यात चढलो.

मी गेलो कसा, ते तुला थोडंफार ठाऊक आहे. कारंज्याला एक जपानी पेढी आपल्या वऱ्हाडचा कापूस खरेदी करायची आणि मी तिथं कारकून होतो. ओकाडा नावाचे साहेब पेढीवर होते. माणूस बारकासा, पण कापसाची चिमूट बोटांत ओढून धाग्याची लांबी सांगायचा. माझी इंग्रजी त्यांना फार थोर वाटायची, कारण त्यांची माझ्याहून कच्ची होती. वासरांत लंगडी गाय शहाणी! परत जाताना ते म्हणाले, आमच्या गावी व्यापारी शाळा आहे, पोरांना इंग्रजीत पत्रव्यवहार शिकवायला परदेशी मास्तर पाहिजे, येता का? बाच्या बारक्या वावरात सगळ्यांचं भागणार नव्हतं आणि साहेब गेले की पेढीवर माझं काय होणार, याचाही भरवसा नव्हता. मी हो म्हटलं. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय.

ते गाव समुद्राकाठचं, सूतगिरण्यांचं. पहिल्याच आठवड्यात मी धक्क्यावर गेलो तर कापसाच्या गाठी उतरत होत्या आणि एका गाठीवर कारंज्याच्या प्रेसचा छाप. मी त्या गाठीला हात लावून उभा राहिलो. हमाल ओरडला तेव्हा बाजूला झालो. तिला निदान इथं कशाला आणलं ते ठाऊक होतं, मला तेही नव्हतं.

आता शाळेचा दिवस सांगतो. दारातच बूट काढायचे आणि आतल्या सपाता घालायच्या. इंझोरीच्या शाळेत काढायला आधी पायात काही असावं लागतं, ते सोड. पण माझे पाय नांगरामागं चालून फताडे झालेले, त्यांच्या सपातांत निम्मेच जायचे. टाचा बाहेर लोंबकळत मी सगळ्या शाळेतून फटक-फटक करत फिरायचो. वर्गात पाऊल टाकलं की मॉनिटर ओरडणार, पन्नास पोरं खाडकन उभी राहणार, खाडकन कमरेत वाकणार, खाडकन बसणार. डोकी सगळ्यांची भादरलेली, काळे कोट गळ्यापर्यंत बंद, पितळी बटणं. कोण कोणता ते ओळखायला मला वर्ष लागलं. मग मी एक वाक्य म्हणायचं आणि पन्नास तोंडांनी ते माझ्या अंगावर परत फेकायचं.

वाक्यं कसली, तर व्यापारी पत्रांतली. "आपलं पत्र पावलं, आभारी आहोत." हे इंग्रजीत, दिवसभर, एका वर्गातून दुसऱ्या वर्गात. पन्नास पोरं एका सुरात बोंब मारतात की आपलं पत्र पावलं, आणि मला इंझोरीचं पत्र येऊन दोन महिने उलटलेले! माझा नुसता ग्रामोफोन झाला होता. किल्ली द्या, वाजवा, पुढच्या वर्गात उचलून न्या. संध्याकाळी घरी आलो की घशातून आवाज निघायचा नाही, आणि निघाला असता तरी ऐकायला होतं कोण?

त्यात मी गोरा नव्हतो, हे त्यांना फार लागलं. स्पष्ट कोणी बोललं नाही, पण पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकावर झुंबड उडाली होती आणि मी उतरल्यावर ती झुंबड पाहिजे तेवढी टिकली नाही. मास्तरांच्या खोलीत सगळ्यांची मेजं एकमेकांना भिडवलेली, मध्ये निखाऱ्यांची शेगडी, आणि बोलणं जवळपास बंद. माझ्या शेजारी इतो-सेन्सेई बसायचे. सेन्सेई म्हणजे मास्तर. ते जुने इंग्रजीचे मास्तर, व्याकरण त्यांना मुखोद्गत, पण इंग्रजी बोलायचा प्रसंग आयुष्यात आला नव्हता. मी काही विचारलं की ते डोळे मिटून बसायचे, आणि मी चहा संपवून उठेपर्यंत त्यांचं वाक्य तयार व्हायचं. माणूस मात्र सोन्यासारखा.

पहिला करार होता तो चार महिने पाहून मग पक्का करू, अशा बोलीवर. आणि त्या चार महिन्यांत मी काय करून बसलो ते ऐक.

मी एकेका पोराला उभं करून वाचायला लावायचो. पोरगा पहिली ओळ वाचायचा. बरी वाचायचा. मी आपला खूश होऊन मान डोलवायचो, जशी आपल्याकडं भजनाला बसलेली माणसं डोलवतात, या खांद्याकडून त्या खांद्याकडं, सावकाश, डोळे अर्धे मिटून. लगेच पोरगा थांबायचा. तोंड लाल व्हायचं, कमरेत वाकायचा आणि खाली बसायचा. दुसऱ्याला उठवावं, तर तो पुन्हा तीच पहिली ओळ. मी मान डोलवली की तोही बसला. काय भानगड आहे, मला कळेना. वाटलं, पोरं लाजतात, धीर द्यावा. म्हणून मी आणखी जोरात मान डोलवायला लागलो. मी जितका धीर देईन तितकी पोरं भराभर खाली बसत. महिना झाला, दोन झाले, पुस्तकाच्या पहिल्या ओळीपुढं गाडी हलेना. एक पोरगा तर ओळ अर्धी राहिली आणि ढसाढसा रडायलाच लागला. मी त्याच्याजवळ गेलो, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी प्रेमानं मान डोलवली. झालं! तो आणखी रडला.

मग एक दिवस इतो-सेन्सेई माझ्याजवळ येऊन उभे राहिले. वाक्य आधीच तयार करून आलेले दिसत होते. म्हणाले, पालक हेडमास्तरांकडं आले होते. त्यांचं म्हणणं, आमची मुलं घरी दिवसभर एकच ओळ घोकतात, तरी परदेशी सेन्सेई रोज चूक म्हणतात. आमचं गाव इंग्रजीला लायक नाही का? असंच चाललं तर करार पक्का करणं हेडमास्तरांना जड जाईल.

"मी कुठं चूक म्हणतो?" मी ओरडलोच. "मी तर सगळ्यांची वाहवा करतो!"

त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि स्वतःची मान एका बाजूला तिरकी केली. त्यांच्याकडं, म्हणाले, मान अशी झाली म्हणजे "हे काही बरोबर दिसत नाही". मग विचारलं, "तुम्ही तोंडानं कधी 'छान' म्हणालात?"

आता काय सांगणार होतो मी त्यांना? अक्का, आपल्या घरात कोणी कोणाला तोंडानं चांगलं म्हटलेलं तुला आठवतं? मी मॅट्रिक झालो तेव्हा बा ओट्यावर बसून फक्त मान डोलवत राहिला होता. तू पहिल्यांदा पुरणपोळी केलीस तेव्हाही तेच. तोंडानं वाखाणलं की दिठ लागते. पोराला तर मुळीच म्हणायचं नाही. आपलं सगळं कौतुक मानेत. आणि ती मान मी पन्नास-पन्नास पोरांपुढं दिवसभर हलवत होतो, आणि ती बिचारी मला कंटाळून घरी जाऊन रडत होती.

तेव्हा नोकरी जाणं परवडणारं नव्हतं. हात हलवत इंझोरीला परत येऊन बाला काय सांगणार, मान हलवली म्हणून काढलं? इतो-सेन्सेईंनीच तोड काढली. त्यांनी मला खळ लावलेली कडक उंच कॉलर आणून दिली, पुठ्ठ्यासारखी. ती गळ्याला बांधली की मान जरा कुठं कलंडली तर कानाखाली कड रुतायची. ती घालून मी वर्गात ताठ उभा राहायचो आणि मोठ्यानं "व्हेरी गुड" म्हणायचो. पहिल्या दिवशी म्हणताना जीभ अडखळली. मनात म्हटलं, पोरांनो, तुम्हाला दिठ लागली तर माझा दोष नाही. पण गाडी सुरू झाली. पोरं दुसऱ्या ओळीवर गेली, पानावर गेली, धडे संपले, करार पक्का झाला. महिन्याभरात कॉलर रुतायची थांबली, कारण मान हलायचीच थांबली होती. तिथला हिवाळा हाडात शिरणारा, आणि घरात ऊब म्हणशील तर मूठभर कोळशाची. दुसऱ्या वर्षापासून मान दुखायलाही लागली. सकाळी उठलो की खांबासारखी ताठ.

तीन वर्षं अशी गेली. सांगायला वाक्य एवढंच, पण काढायला नाकी नऊ आले. मग हेडमास्तर म्हणाले, पुढचा करार लांब मुदतीचा करू, पण कुटुंब घेऊन या. एकटा माणूस कधी उठून जाईल, नेम नसतो. जायला-यायला त्यांनी एका सत्राची रजा दिली. तिकडं कारंज्यातली पेढी उठली होती, म्हणजे परतीची वाटही बंद. मी करारावर सही केली आणि गुंफीला आणि तिच्या मायला न्यायला निघालो.

मी इंझोरीला पोचलो तेव्हा भुलाबाई बसल्या होत्या. संध्याकाळी पोरी घरोघर गाणी म्हणत होत्या, खिरापतीवर तुटून पडत होत्या. गुंफीला चौथं लागलं होतं. आपल्या मायनं तिला पुढं ढकललं, "हे पाह्य, तुहा बा आला. त्याले गानं म्हनून दाखव." पोरगी घाबरत घाबरत उभी राहिली आणि गायला लागली. अक्का, काय आवाज होता तिचा! एक शब्द चुकला नाही. माझं काळीज भरून आलं. आणि मी काय केलं? ताठ बसून राहिलो. मान जागची हलली नाही. आणि गाणं संपल्यावर मोठ्यानं म्हणालो, "व्हेरी गुड!"

पोरगी दचकली. माझ्याकडं एकदा पाहिलं, आणि रडत चुलीकडं पळाली. माय माझ्यावर खेकसली, "तोंडानं वाखानतं का रे लेकराले? दिठ लागन ना! अन् कौतुक वाटते तं मान काहून नाई हालवत? लाकडाची झाली का तुही मान?" लगेच उठून तिनं मीठ-मोहऱ्या घेतल्या आणि रडत्या पोरीवरून ओवाळून चुलीत टाकल्या. धुरानं सगळ्यांना ठसका लागला. मी त्या धुरात बसलो होतो, आणि खोटं कशाला बोलू, मलाही रडू आलं. निदान धूर होता म्हणून बरं.

त्यानंतर गुंफी माझ्यापुढं येईना. आल्या-गेल्याला सांगायची, "त्या पाव्हन्याले माहं गानं नाई आवडलं." मी जवळ बोलावलं की आज्याच्या धोतरामागं लपायची. जपानला जायचं म्हटलं की भोकाड पसरायची, "मी पाव्हन्यासंगं नाई जात!"

मी गुंफीच्या मायला म्हटलं, लहान आहे, उचलून घेऊ, बोटीवर विसरेल. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "अवो, तुमी मले सांगसान तिथं मी येतो. पन पोरीले रडवत नेनार नाई. ते खुशीनं येत असन तं आमी दोघी. नाई तं तुमी जा एकले. मी इथं लय सुखात नाई, पन निदान माही पोरगी हासून राह्यली इथं." तिला मी ओळखतो. ती एकदा म्हणाली की ते दगडावरची रेघ. बानंही मध्ये पडायचं नाकारलं. संध्याकाळी गोठ्यात मला एकट्याला म्हणाला, "मी तुले ठेसनावरच सांगतलं होतं. आता या खेपेले नाई नेलं, तं पुढच्या खेपेले पोरगी सासरी गेली असन, अन् तू लग्नाचा पाव्हना."

बोटीचा दिवस ठरलेला होता. मग मी काय केलं असेल? मान हलवायची तालीम सुरू केली. हसू नको. चांगला वाढलेला, मिशाळ, शाळामास्तर बाप्या, विहिरीच्या काठावर पाण्यात पाहून मान डोलवतोय. इकडं, तिकडं. गुंफी पुन्हा गायला लागली की मी ओट्यावरून ऐकायचो आणि आठवण करून मान हलवायचो. पण ती नेहमी उशिरा हलायची. आधी डोक्यात विचार, मग मान. लेकरांना फसवता येत नाही, अक्का. ती गाणं अर्ध्यावर टाकून घरात जायची.

बाकी सगळ्याला मी थकलो होतोच, आता यालाही थकलो. निघायला थोडेच दिवस उरले आणि मी आशा सोडून दिली. त्या दिवशी सकाळी वाऱ्यात निजल्यामुळं माझी मान खरीच धरली. वळेना. मी ओट्यावर कुथत बसलो होतो. गुंफी दारातून बघत होती. तिनं मायला विचारलं, "त्या पाव्हन्याले काय झालं वं?"

"तो पाव्हना नाई, बा हाय तुहा," तिची माय म्हणाली. "त्याची मान दुखते. तिकडच्या लोकायनं त्याले मान हालवूच देल्ली नाई, म्हनून लाकडावानी झाली. तुहं गानं त्याले लय आवडलं होतं. पन मानच हालत नाई, तं काय करीन बिचारा?"

पोरीनं जरा वेळ विचार केला. मग आत गेली आणि आजीच्या मागं लागून जवसाचं तेल कोमट करून घेतलं. आज्याचे गुडघे चोळताना ती रोज पाहायची ना, तसंच. वाटी घेऊन आली, माझ्या मागं ओट्याच्या पायरीवर चढली आणि माझी मान चोळायला लागली. हात केवढासा, अगं! जोर तो काय असणार? तेल सगळं सदऱ्यात चाललं होतं. मला हलायची भीती वाटत होती, मी हललो तर ती थांबेल.

"आता हालव," ती म्हणाली.

मी हलवली. कळ निघाली, पण हलवली.

"थांब, अजून व्हाची हाय," म्हणाली आणि आणखी चोळलं. आणि चोळता चोळता, आपल्याच नादात, ती गुणगुणायला लागली, तेच भुलाबाईचं गाणं. माझं लक्ष दुखण्याकडं होतं, तिच्या हाताकडं होतं. मान कधी डोलायला लागली, मला कळलंच नाही. ती पुढं येऊन माझ्या तोंडाकडं पाहायला लागली, तेव्हा कळलं. डोळ्यातून पाणी चाललेलं आणि मान डोलतेय, असं माझं ध्यान.

"झाली बरी," तिनं जाहीर केलं. मग मायकडं वळून विचारलं, "तिकडे याची मान कोन चोळते?"

"कोनी नाई."

"कोनीच नाई?"

"नाई ना."

गुंफीनं तेलकट हात परकराला पुसले. "मंग आपुनच जाऊ," ती म्हणाली. तिची माय पटकन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आपल्या मायनं त्याच दिवशी सरगुंडे, मुगवड्या आणि तिखट बांधायला काढलं.

कोबे बंदरात उतरून आगगाडीनं आम्ही त्या गिरण्यांच्या गावी पोचलो ती दुपारची वेळ. मी घराचं दार सरकवलं. याच घरात मी तीन वर्षं काढली होती. दोन खोल्या, खाली गवती चटया, मध्ये कागदाची सरकती दारं, कोपऱ्यात माझी वळकटी.

"हे कोनाचं घर?" गुंफीनं विचारलं.

"आपलं."

ती दोन्ही खोल्या फिरून आली. दारं सरकवून पाहिली, कपाटात डोकावली, मागच्या अंगणात पाय टाकून परत आली. मग माझ्यापुढं उभी राहून म्हणाली, "आपलं हाय, तं मंग इथं कोनी काहून नाई?"

पोरांना दिवसभर प्रश्न विचारणारा मी मास्तर. मी कोपऱ्यातली वळकटी उचलून उगाच दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली. तिची माय बोचक्याची गाठ सोडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आता आलो ना आपुन. बस खाली, भूक लागली असन."

अक्का, त्याला आता बरीच वर्षं झाली. गुंफी मुलींच्या शाळेत जाते. माझ्याहून चांगलं जपानी बोलते आणि माझ्या उच्चारांना हसते. तिची माय शेजारणीशी निम्मं वऱ्हाडी, निम्मं हातवारे असं बोलते आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळतं. मला अजून त्या शेजारणीचं निम्मंही कळत नाही. मी मात्र तोच ग्रामोफोन. आवाज बसलाय, केस गेलेत, पोरं बदलतात आणि वाक्य तेच राहतं. आता तर शाळेत इंग्रजीचे तास कमी करायची भाषा चालू झाली आहे. यंदा करार होईल की नाही, देव जाणे. इथल्या हवेतच काहीतरी बदललंय आणि मला त्याची भीती वाटते, हे तुला म्हणून सांगतो. बाला सांगू नकोस.

अनसिंगचे एक गृहस्थ कोबेला व्यापाराच्या कामानं आले होते. त्यांच्याजवळ तू निरोप दिलास, "भावाले म्हना, घरी कधी येतं?" इंझोरीला कधी येईन, खरंच सांगता येत नाही. बाच्या डोळ्यांपुढं यावं असं फार वाटतं. कधी कधी इतकं वाटतं की वर्गात पाठ फिरवून फळा पुसत उभा राहतो. पण घरी म्हणशील, तर मी रोज येतो, बाई. चारची घंटा झाली की निघतो, पूल ओलांडतो, दमलेला असतो, पाय ओढत येतो. गल्लीच्या तोंडाशीच दोघी मायलेकींचं भांडण ऐकू येतं. कालचं भांडण तिखटाच्या डब्याचं झाकण कोणी उघडं ठेवलं यावरून होतं. आणि भांडतात अशा खणखणीत वऱ्हाडीत, की सगळी आळी दारात येऊन ऐकते. मी दारात बूट काढतो आणि मध्ये पडतो.